उताराला बंद केलेलं पेट्रोल

निशानं गाडीला कान लावला, तेव्हा मी तिला सगळ्या आळीसमोर हसले होते.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. थंडी अशी की म्हशीच्या पाठीवरनं वाफ निघायची. जित्या अंगणात गाडीला किका मारत होता. जित्या म्हणजे माझा मुलगा. कागदावर प्रसेनजीत, पण एवढं लांब नाव घेऊन हाक मारायला मला वेळ कुठं? आठव्या किकेला गाडी पेटली आणि आतनं खडखड आवाज सुटला. तांब्यात खडे घालून हलवावेत तसा. इंजिन तापलं तसा तो आपोआप बसला. महिनाभर रोज सकाळी हेच चाललं होतं.

सून चुलीपुढनं उठून आली. हातात लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक तिनं इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. शेजारची विठाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती घागर घेऊनच थांबली.

"आत्ती, हे वरवरचं न्हाय," निशा म्हणाली. "आत पिस्टन हलतोय. ढिला झालाय."

"व्हय काय? नाडीबी बघ की जरा," मी म्हटलं. "विठाबाई, बघ गं! आमच्या सुनंनं गाडीचा दवाखाना काढलाय. तुझी म्हस आटलीया न्हवं, तिलाबी घेऊन ये."

विठाबाई हसली. निशानं स्क्रू-ड्रायव्हर पदराला पुसला आणि आत गेली. तिचा बाप जयसिंगपुरात एस.टी.चा मेकॅनिक. लहानपणापासनं पोरगी बापाचा डबा घेऊन जायची, तिथं काय बघितलं-ऐकलं असेल ते. पण माझ्या अंगणात येऊन माझ्या मालकाच्या गाडीला नावं ठेवायची म्हणजे काय?

गाडी आमच्या मालकांची. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहून त्यांनी ती घेतली, तीही जुनी. नव्वद सालची गोष्ट. गावात आमच्या आळीत पहिली मोटारसायकल ती. ते गेले आणि गाडी जित्याकडं आली. वरच्या वाडीवर बावीस घरांच्या म्हशी आहेत. तिथलं दूध सकाळी गोळा करायचं, दोन कॅन दोन बाजूंना बांधायचे आणि कोंडीचा उतार उतरून सातच्या आत खाली संस्थेत पोचवायचं. हे काम आमचं. आमचं पोट त्यावर. केरबा पाटलाचा गुंडू दोन वर्षं त्या कामावर डोळा ठेवून बसलेला. एक दिवस दूध नासलं, की काम त्याच्या दारात.

कोंडीचा उतार चार किलोमीटरचा. एका अंगाला डोंगराचा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. खाली बघितलं की झाडांचे शेंडेच दिसतात. मालक गेल्यावर मीच जित्याला बसवून सांगितलं होतं, "उताराला गाडी आपल्या आपण पळती. मग तिला पेट्रोल कशाला पाजायचं? माथ्यावरच टाकीखालचा कॉक बंद करायचा. गेर तेवढा ऱ्हाऊ दे, म्हणजे गाडी दाबून धरंल. खाली आल्यावर चालू कर." एवढंच सांगून मी गप्प बसले नाही. वेळूची एक काडी घेतली, तिच्यावर खुणा केल्या आणि रोज संध्याकाळी टाकीत बुडवून बघायला लागले. खुणेच्या खाली एक बोट जरी उतरलं, तरी मी विचारायची, "कुठं हिंडून आलास?"

चार वर्षं हे चाललं. माझ्या हिशेबानं माझ्याएवढा काटकसरीचा जीव गावात नव्हता.

त्यानंतरच्या दिवसांत निशा काही ना काही काढतच राहिली. एका सकाळी मी गाडी सावलीला घेत होते, तेव्हा कोपराचा धक्का लागून किक खाली गेली. गेली ती गेलीच. अडलीच नाही. पूर्वी ती किक मालकांच्या पायालासुद्धा उलटी मारायची, नडगी सुजायची त्यांची. मी हातानं परत दाबून बघितली. गवताच्या पेंढीवर हात दाबावा तशी मऊ.

"बघितलासा?" मागनं निशा म्हणाली. "आत दाब ऱ्हाईला न्हाय. हवा कडंनं निसटतीया."

"हलकी झालीया, चांगलं हाय की," मी म्हटलं. "उद्यापासनं मीच मारत जाईन."

तिनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली. "आत्ती, चढाला हे आधी तिसऱ्या गेरवर जायचे. आता दुसऱ्यावरबी गाडी रडती. वाडीवर गरम गाडी बंद केली, की अर्धा अर्धा तास पेटत न्हाय. धूर तापल्यावर कमी व्हायला पायजे, तो वाढतोय. एकदा शमशुद्दीनभाईकडं वरचं हेड खोलून बघू या. एकच दिवस जाईल."

"आणि त्या दिवशी दूध कोण आणंल? तुझा बाप?"

"एखाद्या दिवशी उतारावर पिस्टन धरला तर चाक जाग्यावर बसंल, आत्ती. मग दूधबी न्हाय आणि..."

"माझ्या पोराच्या तोंडावर असलं वंगाळ बोलायचं न्हाय," मी ओरडले. तिच्या कमरेला खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतला आणि उकिरड्यावर भिरकावला. जित्या गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हशीपुढं वैरण टाकून निघून गेला. तो गप्प राहिला म्हणजे माझ्या बाजूला आहे, असंच मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी तो आठ वाजले तरी आला नाही. साडेआठला आला तो गाडी ढकलत. एकच कॅन बांधलेला, दुसऱ्याला पोचा पडलेला आणि तो रिकामा. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपराची कातडी सोलून पांढरी दिसत होती. अंगाला दुधाचा वास. शर्टवर दूध वाळून कडक झालं होतं.

"म्हस आडवी आली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"कुणाची का असंना. आली."

निशा पाणी घेऊन आली. त्याच्या कोपरावर पाणी घालताना तिची नजर मात्र गाडीच्या इंजिनावर होती. मला ते दिसलं, पण माझ्या डोक्यात म्हैस बसली होती. चाळीस लिटर दूध रस्त्यावर गेलं, पोर मरता मरता वाचलं आणि म्हैसवाला आपल्या घरात निवांत न्याहारी करत असेल! मी पदर खोचला, चपला घातल्या आणि निघाले.

"आई, कुठं चाललीस? ऱ्हाऊ दे की!" जित्या मागनं ओरडला.

"ज्याची म्हस हाय त्याला इचारून येती!"

उतार चढायला मला पाऊण तास लागला. वाटेत जो भेटेल त्याला मी म्हशीचा पत्ता विचारत होते. वैरण कापणाऱ्या बायकांनी सांगितलं, "आज हिकडं म्हस न्हाय आली, आक्का. सगळी जनावरं नदीकडं गेलीत." मी मनात म्हटलं, एकमेकींना झाकतात ह्या.

तिसऱ्या वळणाच्या वर रस्ता सरळ आहे. तिथं मला जागा सापडली. दूध डांबरावर वाळून गेलं होतं, कडेला मुंग्यांची रांग लागलेली. एक कुत्रं अजून चाटत होतं. आणि रस्त्यावर चाकाचा एक काळा पट्टा. वीतभर रुंदीचासुद्धा नाही, पण लांब. मी चालत मोजला, एकवीस पावलं. पट्टा आधी सरळ होता, मग ओढ्याच्या अंगाला वळत गेला होता. जिथं संपला तिथनं कडा माझ्या हाताएवढ्या अंतरावर होती. मी तिथं उभी राहून खाली बघितलं. झाडांचे शेंडे. आणि त्यांच्या खाली कुठंतरी पाणी वाजत होतं.

मी रस्त्यातच खाली बसले.

बसल्यावर मग मला दिसलं. एका अंगाला उभा कातळ, दोन पुरुष उंच. दुसऱ्या अंगाला कडा. म्हैस येणार कुठनं? कातळातनं उडी मारणार होती का ओढ्यातनं उडत येणार होती? त्या जागेला शेळीसुद्धा आडवी येऊ शकत नाही. पट्टा पण एकच, मागच्या चाकाचा. आणि तो म्हैस बघून ब्रेक दाबावा तसा हळूहळू उमटलेला नव्हता. एकदम सुरू झाला होता, आतनं कुणी चाकाचा गळा धरावा तसा.

पिस्टन धरला तर चाक जाग्यावर बसंल, आत्ती.

पोरगं माझ्याशी खोटं बोललं होतं. त्या कड्यापेक्षा मला ह्याचाच धक्का जास्त बसला, हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. जित्या खोटं बोलत नाही. लहानपणी गूळ चोरला तरी स्वतः येऊन सांगायचा. आज अंगाची सालटी निघालेली असताना, माझ्या तोंडावर, त्यानं एक म्हैस तयार करून उभी केली. कशासाठी?

मी उतरले ती घरी गेलेच नाही. सरळ स्टँडवर शमशुद्दीनच्या गॅरेजात गेले. मला माहीत होतं गाडी तिथंच असणार.

गाडी होतीच. तिचं वरचं सगळं उघडून पोत्यावर मांडलेलं. शमशुद्दीन दाढीला ग्रीस लागू नये म्हणून मान वाकडी करून बसला होता. जित्या ओट्यावर बसला होता, कोपराला फडकं बांधून. आणि निशा खाली उकिडवी बसून थाळीत रॉकेल घेऊन नट धूत होती. येताना मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी दिसले आणि ते थांबलं.

"या आक्का, बसा," शमशुद्दीन म्हणाला.

"बसायला आले न्हाय. काय झालंय ते दाव."

त्यानं पिस्टन उचलून माझ्या हातावर ठेवला. उन्हानं कोमट झालेला. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे. मांजरानं नखं काढून दाराला ओरबाडावं तसे. मधे मधे धातू वितळून चिकटला होता.

"आता ह्यात बोट घाला," त्यानं सिलिंडर पुढं केला. "आतनं. नखानं बघा, नखानं."

मी बोट घातलं. नख खाली सरकवलं. अडकलं. परत सरकवलं, परत अडकलं. खाचा पडल्या होत्या. बाहेरनं धडधाकट दिसणाऱ्या लोखंडाच्या आत, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, हे चाललं होतं.

"हे एका दिसाचं न्हाय," शमशुद्दीन सांगत होता. "ह्या जुन्या खाचा बघा, काळ्या पडल्यात. दोन-तीन वर्षांच्या. ह्या पांढऱ्या आजच्या. थोडा थोडा घासत आला, घासत आला, आन आज धरला. नशीब थोर, पोरानं टायमावर क्लच दाबला. अल्लाची मेहेरबानी म्हना."

"घासतंय कशानं? ऑईल घालताव की आमी. मापानं घालताव, माझ्या हातानं घालती मी."

"घालताय आक्का, कोण न्हाय म्हनतंय? पन ह्या गाडीला ऑईल पेट्रोलातनंच जातं. पेट्रोल आत गेलं तर ऑईल गेलं. पेट्रोल थांबलं तर पिस्टन सुक्का. आन सुक्का पिस्टन चार चार किलोमीटर पळवला तर काय ऱ्हानार?" त्यानं जित्याकडं बघितलं. "खरं सांग रे. उताराला कॉक बंद करतोस न्हवं?"

गॅरेजातनं रस्ता दिसतो. एक एस.टी. वळण घेऊन गेली. तिचा धूर आत आला.

जित्या खाली बघत होता. मग म्हणाला, "व्हय. मला वाईट सवय लागली ती."

मला सवय लागली, म्हणाला.

निशानं मान वर केली नाही. रॉकेलमधला एकच नट ती धूत राहिली. तो कधीच स्वच्छ झाला होता.

"सवय?" शमशुद्दीन म्हणाला. "मग न्यूट्रल तरी करायचास, बाबा. इंजिन तरी वाचलं असतं."

"न्यूट्रल केलं तर ब्रेक धरत न्हाय, चाचा. ऐंशी लिटर दूध असतंय. गेर लागतोच."

"म्हनजे कॉकबी बंद, गेरबी टाकलेला." शमशुद्दीननं कपाळावर हात मारला, तिथं काळं लागलं. "ही अक्कल कुनी दिली तुला?"

मी तिथं उभी होते. त्या दोघांपैकी एकानं नुसती मान माझ्याकडं वळवली असती तरी पुरे होतं. पण नाही. नवरा नटाकडं बघत होता, बायको रॉकेलकडं. मला एकदम उमगलं, हे दोघं मला वाचवत नव्हते. ते मला भीत होते.

"मी दिली," मी म्हटलं.

शमशुद्दीननं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर फिरवली. शहाणा माणूस. फडकं घेऊन उगाच पाना पुसायला लागला.

"तुला कवापासनं म्हाईत हाय?" मी जित्याला विचारलं.

निशाच बोलली. "दिवाळीच्या आधीपासनं. मी सांगिटलं त्यांना, उताराला कॉक बंद करू नका म्हणून."

"मग का केलास?"

"तुझी काडी हाय की संध्याकाळी," जित्या म्हणाला. आवाज वर नाही, खाली नाही. "एक दिवस उघडा ठेवला होता. बोटभर उतरलं. आठवतंय तुला? जेवणाच्या ताटावर बोललीस तू. बाप भट्टीपुढं जळला आन ह्यो पेट्रोल जाळतोय, म्हणालीस. निशाच्या बापापर्यंत गेलीस."

मला आठवेना. खरंच आठवेना. मी असलं इतक्या वेळा बोलते, त्यातलं कुठलं ते कसं सांगणार?

"अरं, पण जीव जायचा होता तुझा! उतारावर भ्या वाटलं न्हाय?"

"वाटायचं की," तो म्हणाला. "पण उतारावरचं भ्या धा मिन्टाचं, आई. तुझं दिवसभर ऐकायला लागतंय."

हातातला पिस्टन मी पोत्यावर ठेवला. ठेवला म्हणजे, हातातनं सुटलाच. चौतीस वर्षं ह्या गावात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. सरपंचाला संस्थेच्या मीटिंगमध्ये खाली बसवलंय मी. पण ते वाक्य मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

शमशुद्दीननंच कामाचं काढलं. सिलिंडर कोल्हापुरात नेऊन बोर करून आणावा लागणार, नवा पिस्टन, नव्या रिंगा. दहा दिवस धरून चाला.

"दहा दिवस दूध?" जित्या उठला. "कुणाला तरी सांगायला पायजे. गुंडूची गाडी..."

"तू बस," मी म्हटलं. "मी जाती केरबाकडं."

दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. संस्थेच्या मीटिंगमध्ये शंभर माणसांत मी केरबाला काय बोलले होते, ते गावात अजून सांगतात. तुझ्या गुंडूला म्हशीचं दावं धरता येत न्हाय, दुधाचा कॅन काय धरंल, असं.

दुपारची उन्हं कलली होती. केरबा सोप्यात तंबाखू मळत बसला होता. मला बघून त्यानं हात थांबवला नाही.

"अरं वा! पारूबाई! आज आमच्या दारात! आमच्यात बसायला चालतंय का तुमास्नी?"

"उभीच बरी हाय. कामाचं बोलायचंय. जित्याची गाडी बंद पडलीया. दहा दिवस वाडीचं दूध तुझ्या गुंडूनं आणावं. त्याचं काय असंल ते त्यानं घ्यावं."

"दावं धरता येत न्हाय की ओ आमच्या गुंडूला."

"येतंय," मी म्हटलं.

"काय म्हणालीस? ऐकू आलं न्हाय."

"येतंय म्हटलं. माझं चुकलं त्या वक्ताला."

त्याची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. सोप्याच्या आतनं त्याची म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली, मला बघायला. मीही बघू दिलं.

"पण गाडीला झालंय तरी काय?" तो आता जरा नरमला होता. "सकाळी म्हणत होते म्हस आडवी आली."

खोटं बोलायला जागा होती. जुनी गाडी, संपली, म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्या कड्याशी संपलेला पट्टा माझ्या डोळ्यांपुढनं हलत नव्हता.

"म्हस न्हाय न् काय न्हाय. उताराला आम्ही पेट्रोल बंद करत होतो. त्यानं पिस्टन सुका पडला आन धरला. मीच शिकीवलं होतं पोराला. आत सगळं घासून गेलं तरी मला कळलं न्हाय."

केरबाचा चेहरा असा बदलला की मला वाटलं त्याला काही होतंय. तंबाखू खाली सांडली.

"आमचा गुंडूबी तसंच करतोय," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, तूच न्हवं का संस्थेत सगळ्यांस्नी सांगत होतीस! माझा जित्या थेंब वाया घालवत न्हाय, शिका जरा, म्हणून! निम्म्या गावची पोरं करत्यात तसं!" तो उठायला गेला, गुडघ्यावर हात दाबून परत बसला. "गुंडूची गाडीबी तीच, ऑईल-पेट्रोलची. वाडीवर गेलाय आज, बायकोला आणायला. यायचा टाईम झाला त्याचा!"

मी बाहेर पडले तेव्हा चप्पल एकच पायात होती. दुसरी केरबाच्या उंबऱ्यावर राहिली. एका दिवसात तो उतार दुसऱ्यांदा चढायची ताकद माझ्यात नव्हती, पण मी चढत होते. छाती फुटायला आली होती. मागनं केरबाची हाक ऐकू येत होती, "पळ गं, आक्का, पळ!"

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला मी कातळाला हात टेकून उभी राहिले आणि कान दिला. इंजिनाचा आवाज येतोय का बघायला. काहीच नाही. वारा आणि खाली ओढा. मला बरं वाटलं, अजून आला नसेल म्हणून. आणि मग वरच्या वळणावरनं साखळीचा किरकिर आवाज आणि टायरची सळसळ करत गाडी दिसली. इंजिनाचा ठोका नाहीच, नुसता धाप टाकल्यासारखा फुसफुस आवाज. गुंडू, मागं त्याची बायको रूपाली, तिच्या मांडीवर गाठोडं. दोघं हसत होते. कॉक बंद. म्हणूनच मला काही ऐकू आलं नव्हतं.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले.

गुंडूनं दोन्ही ब्रेक दाबले. गाडी वेडीवाकडी होत माझ्या लुगड्याला लागून थांबली. चाक माझ्या उघड्या पायावर टेकलं होतं.

"आक्के! मरायचं असलं तर ओढ्यात उडी मार की! मला कशाला फाशी देतीस?"

मी नुसतं टाकीखाली बोट दाखवलं. "कॉक उघड."

"काय?"

"कॉक उघड म्हणती ना! उताराला पेट्रोल बंद करायचं न्हाय. ऑईल जात न्हाय आत. पिस्टन धरतोय. सकाळी आमचा जित्या कड्यापासनं हातभर ऱ्हायला."

"आन हे सांगतंय कोण? ज्या बाईनं सगळ्या गावाला शिकीवलं ती!" तो मोठ्यानं हसला. पण बायकोकडं बघितल्यावर त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. रूपाली कड्याकडं बघत होती. "तुला कुणी सांगिटलं पण हे?" त्यानं विचारलं.

शमशुद्दीनचं नाव तोंडात आलं होतं. गावचा मेकॅनिक, पुरुष माणूस, त्याचं नाव घेतलं असतं तर लगेच पटलं असतं त्याला. मला पण सोपं गेलं असतं.

"आमच्या निशानं," मी म्हटलं. "दिवाळीपासनं सांगत होती ती. मीच हसत होते तिला."

गुंडू खाली वाकला. कॉक उघडला. किक मारली. गाडी दुसऱ्या किकेला पेटली, आणि पेटताना तिच्या आतनं खडखड आवाज आला, तांब्यात खडे हलवावेत तसा. तो आवाज गुंडूला रोजचा होता. त्याला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. मी रूपालीकडं बघितलं.

तिनं माझ्या तोंडावरचं वाचलं असेल. गाठोडं काखेत घेऊन ती गाडीवरनं उतरली.

"अगं बस की! कॉक उघडलाय आता!" गुंडू म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी आक्कांबरोबर चालत येती."

तो कुरकुरत पहिल्या गेरवर हळूहळू पुढं गेला. आम्ही दोघी कातळाच्या अंगानं चालायला लागलो. माझ्या एका पायात चप्पल नव्हती. थोडं खाली आल्यावर रूपालीनं आपली एक चप्पल काढून माझ्यापुढं ठेवली. मी घातली. तिनंही एक पाय उघडा टाकत चाल धरली.

"आक्का," जरा वेळानं तिनं विचारलं, "त्या निशावहिनीला काय काय ऐकू येतंय ओ गाडीतलं? मला शिकीवतील का त्या?"

"इचार की तिला," मी म्हटलं. "मला काय म्हाईत? मी कधी इचारलंय?"